पेटी-तबल्यावरून जुळलेली ऑनलाइन मैत्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२०च्या टाळेबंदीत मी डोंबिवलीतल्या घरात एकटाच पेटी वाजवत बसायचो. शनिवारचं भजन बंद, साथीला कोणी नाही. त्या जूनमध्ये ओळखीच्या एका तबलजींनी मला हौशी वादकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतलं. आज माझ्या घरी न विचारता येऊ शकतील अशी जी चार-पाच माणसं आहेत, त्यातली तीन मला तिथेच भेटली. ग्रुपमध्ये नवीन आलेली मंडळी मला वेगळं गाठून जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

ऑनलाइन ओळखीतून खरी मैत्री होते, की नुसतंच "वा वा, क्या बात है"?

होते. पण नुसत्या क्लिप टाकून होत नाही. पहिले दोन महिने मी दर रविवारी एक नाट्यपद वाजवून टाकायचो. पंचवीस-तीस जण टाळ्यांची चित्रं पाठवायचे, मीही त्यांच्या क्लिपखाली तेच करायचो. त्यांच्यातल्या एकाशीही मी कधी बोललो नव्हतो.

मग एका संध्याकाळी माझ्या पेटीतला खर्जातला एक सूर बिघडला. काळी तीन, म्हणजे तिसरी काळी पट्टी, दाबली की सुराऐवजी घरघर. दुरुस्तीची दुकानं बंद. ग्रुपवर विचारलं, तर दहा मिनिटांत कुडाळजवळच्या एका गावातून फोन आला. भजनात गाणारे आणि पेटी वाजवणारे गृहस्थ, सगळे त्यांना बुवाच म्हणतात. म्हणाले, "व्हिडिओ लावा आणि बारका स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसा." त्यांनी मला पट्ट्यांचा भाग उचलायला लावला, सुरांची फळी उलटी करून मोबाईल जवळ धरायला सांगितला. मी एकेक पितळी पाती बोटाने दाखवत गेलो. एकीशी ते थांबले. "हीच. हिच्या खाली कायतरी आसा." वहीचं पातळ पान कापून त्या पातीखालून हलकेच सरकवलं, तर कागदाच्या कडेला चिकटून केसाएवढा लोकरीचा धागा बाहेर आला. आता हात लागलाच आहे तर ब्लेडने पाती जरा साफ करू का, असं मी विचारलं. ते जवळजवळ ओरडलेच, "ब्लेड ठेवा खाली! टोकाला खरवडलंत तर सूर चढतलो, मुळाशी खरवडलंत तर उतरतलो. मगे मी हयसून काय करू?"

सूर स्वच्छ लागला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. फोन मात्र साडेदहापर्यंत चालला. त्यांची भातलावणी, माझी नोकरी, त्यांच्या मुलीचं लग्न, माझ्या आईचे गुडघे. तेव्हापासून दर गुरुवारी आमचा फोन असतो.

मी नवीन आहे. पहिल्यांदा ग्रुपवर काय लिहू?

नेमका आणि छोटा प्रश्न विचारा. "पेटी कशी शिकू?" याचं उत्तर द्यायला माणसाला अख्खा दिवस लागेल, म्हणून कोणी देत नाही. त्याऐवजी असं विचारा: "काळी एकमधून यमन वाजवताना गंधार आणि तीव्र मध्यम लागोपाठ पांढऱ्या पट्ट्यांवर येतात आणि तिथे माझं बोट घसरतं. तुम्ही कोणती बोटं वापरता?" अशा प्रश्नाला ज्याने काळी एकमध्ये यमन वाजवलाय तो प्रत्येक जण उत्तर देणारच, कारण त्याचंही बोट कधीतरी तिथेच घसरलेलं असतं. उत्तर मिळालं की करून पाहा आणि आठवड्याने परत येऊन सांगा की जमलं की नाही. हा दुसरा निरोप फार थोडे लोक पाठवतात. उत्तर देणाऱ्याच्या मनात तुम्ही बसता ते त्या दुसऱ्या निरोपामुळे.

मी क्लिप टाकली. अंगठे आले, पण कोणी काही बोललंच नाही.

सहा मिनिटांची क्लिप कोणी पूर्ण ऐकत नाही. चाळीस सेकंद टाका आणि सोबत लिहा की कुठली जागा खटकते आहे. ऐकणाऱ्याला नेमकं काम मिळतं.

दुसऱ्याच्या वाजवण्यातली चूक सांगावी का?

त्याने विचारली असेल तर जरूर सांगावी, पण सगळ्यांसमोर सांगू नये. आधी विचारावं, "एक गोष्ट जाणवली, बोलू का?" आणि शक्यतो फोनवर बोलावं. लिहिलेलं वाक्य नेहमी आपल्या मनातल्यापेक्षा कडक वाचलं जातं.

आणखी एक पथ्य मी फार सांभाळतो. समोरचा कोणाकडे शिकतो ते आधी विचारतो. आपल्याला जी चूक वाटते ती कदाचित त्याच्या गुरुजींची शिकवण असते. आमच्या एका ताई बागेश्री रागात पंचम फार कमी घेतात. एकाने त्यांना भर ग्रुपवर "पंचम विसरलात" असं लिहिलं. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं की त्यांच्या तालमीत तो असाच, जाता-जाता लागतो. पुढे सहा महिने त्यांनी काही टाकलं नाही. त्या परत आल्या त्या एका तरुण तबलजीने मुद्दाम फोन करून "ताई, मला विलंबित एकतालाचा सराव करायचाय, तुम्ही गाल का?" असं विचारलं म्हणून.

ऑनलाइन एकत्र वाजवता येतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि याच्यामुळेच सगळ्यात जास्त लोक निराश होतात. म्हणून सविस्तर सांगतो.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. बैठकीत तबलजी माझ्यापासून दोन-तीन मीटरवर बसलेला असतो, म्हणजे त्याची थाप माझ्या कानापर्यंत यायला दहा मिलिसेकंदांहून कमी वेळ लागतो. दोघांतलं अंतर दहा मीटर केलं तर तीस मिलिसेकंदांच्या आसपास. याहून जास्त उशीर झाला की दोघेही एकमेकांची वाट पाहू लागतात आणि लय खाली खाली बसत जाते. साध्या व्हिडिओ कॉलवर हा उशीर सहज दीडशे मिलिसेकंदांचा असतो. तोही एका बाजूचा. माझा सूर तबलजीला दीडशेने उशिरा पोहोचतो, तो त्यावर थाप मारतो, ती मला आणखी दीडशेने उशिरा ऐकू येते. एकूण तीनशे. द्रुत, म्हणजे जलद, तीनताल मिनिटाला २४० मात्रांचा असेल तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे माझी सम (आवर्तनाची पहिली मात्रा) होऊन पुढची मात्राही सुरू झाली, तरी त्याचा धा मला ऐकू आलेला नसतो. दोघांची तयारी कितीही असो, हे जुळणार नाही. तेव्हा स्वतःला किंवा समोरच्याला दोष देऊ नका.

विलंबितात, म्हणजे अगदी संथ लयीत, परिस्थिती थोडी बरी. बारा मात्रांच्या एकतालाचं आवर्तन अट्ठेचाळीस सेकंदांचं असेल तर मात्रा चार सेकंदांची, त्यात हा उशीर विरघळतो. पण मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) पकडून समेवर येताना तो बोचतोच.

यावर उपाय आहेत, कष्टाचे आहेत. जॅमुलस आणि सोनोबस ही दोन फुकट सॉफ्टवेअर खास वादकांसाठी बनवलेली आहेत. दोघेही एकाच शहरात किंवा जवळपास असतील, इंटरनेट वायफायऐवजी केबलने लॅपटॉपला जोडलेलं असेल आणि कानाला वायरचा हेडफोन असेल, तर मध्य लयीत वाजवता येतं. ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको, तो स्वतःच शंभर-दोनशे मिलिसेकंद खातो. मी आणि ठाण्याचा एक तबलजी असं करून भजनी ठेक्यात तासभर वाजवू शकलो. कुडाळच्या बुवांबरोबर मात्र प्रयत्न करूनही जमलं नाही.

व्हिडिओ कॉलवर तंबोरा मध्येच गायब का होतो?

कारण अ‍ॅपला तो पंख्याचा आवाज वाटतो. सारखा एकसुरी येणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं धरून तो कापला जातो. पेटीचा धरलेला षड्ज तसाच विरत जातो. झूममध्ये "ओरिजिनल साउंड" अशी सोय आहे, ती चालू करा. बाकीच्या अ‍ॅपमध्ये गोंगाट कमी करणारं सेटिंग शोधून बंद करा.

मग लांबच्या मित्राबरोबर नेमकं काय करायचं?

एकाने वाजवून पाठवायचं, दुसऱ्याने त्यावर चढवायचं. आमची रीत अशी: आधी पट्टी (सा कुठल्या सुरावर धरायचा ते) आणि लय ठरवायची, दोघांनी तेच तंबोऱ्याचं अ‍ॅप त्याच पट्टीत लावायचं. हे महत्त्वाचं आहे, कारण "काळी एक" दोघांच्या पेटीत सारखीच असेल असं मुळीच नाही. जुन्या पेट्या थोड्या चढ्या किंवा उतरत्या लावलेल्या असतात. माझ्या आजोबांच्या पेटीची आणि बुवांच्या पेटीची काळी एक इतकी वेगळी निघाली की दोन्ही एकत्र ऐकताना दात शिवशिवले. शेवटी अ‍ॅपशी जी पेटी जुळेल तीच वापरायची असं ठरलं. सुरुवातीला एक टाळी रेकॉर्ड करायची, म्हणजे नंतर दोन्ही तुकडे त्या टाळीवर जुळवता येतात.

या पद्धतीत एक गंमत हाती लागते. समोरचा हजर नसताना त्याच्यासाठी जागा सोडून वाजवावं लागतं. अंतरा संपल्यावर दोन आवर्तनं मी नुसता लेहरा (तबल्यासाठी पुन्हा पुन्हा वाजवायची एकच धून) धरतो, कारण तिथे तबलजी काहीतरी बांधेल असा माझा भरवसा असतो. रेकॉर्डिंग परत येतं तेव्हा त्या जागेत त्याने काय ठेवलंय ते ऐकायला मी अगदी आतुर असतो. कधी तिहाई असते, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा. एकदा त्यानेही ती जागा मोकळीच ठेवली होती, नुसता ठेका, आणि ते फार सुंदर झालं होतं.

दुसरा प्रकार याहून सोपा. सकाळी सहाला तिघं-चौघं कॉल लावतो, सगळे माइक बंद करतो आणि आपापला रियाज करतो. कोणी कोणाला ऐकत नाही. शेवटची दहा मिनिटं माइक उघडून चहा पीत बोलतो. थंडीत उठवत नाही तेव्हा कोणीतरी पलटे घोटत बसलंय हे दिसणं पुरेसं असतं.

परदेशातल्या मंडळींचं कसं जमतं? वेळ उलटी असते.

आपल्याकडे संध्याकाळी साडेसात वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे सात असतात. मी संध्याकाळचा यमन लावतो, तिथली मैत्रीण सकाळचा भैरव. एकत्र रागसमय पाळता येत नाही म्हणून आम्ही ठरवलंय की एकदा तिची वेळ, एकदा माझी. तिचं माहेर गोव्याचं. तिथे मराठी मंडळ आहे, पण पेटीची साथ करणारं जवळ कोणी नाही, म्हणून ती या ग्रुपला धरून आहे.

ग्रुपवर वाद पेटला की काय करावं?

पेटीवाल्यांच्या ग्रुपमध्ये वर्षातून दोनदा तरी "पेटी हे आपलं वाद्यच नाही" हा वाद निघतो. माझं मन त्यात गुंतलेलं आहे, म्हणून प्रांजळपणे सांगतो. आक्षेपात तथ्य आहे. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही, आणि सप्तकाचे बारा सारखे भाग पाडल्यामुळे शुद्ध गंधार आणि धैवत तंबोऱ्याच्या मानाने चढे लागतात. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर घातलेली बंदी १९७१पर्यंत होती, तिच्यामागे हेही कारण होतं. पण त्याच काळात महाराष्ट्रात आणि गोव्यात गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्यासारख्या माणसांनी हे वाद्य साथीत आणि एकल वादनात कुठल्या कुठे नेलं. डॉ. विद्याधर ओक यांनी तर बावीस श्रुतींची (सप्तकातल्या बारीक सुरांची) पेटीच तयार केली.

हा वाद मैत्री मोडू शकतो तसा घडवूही शकतो. आमच्याकडे एक सारंगी शिकणारा मुलगा सगळ्यात कडक बोलायचा. त्याला मी लिहिलं, "तुमचा गंधार ऐकवा, मी माझा धरतो, दोन्ही एकत्र ऐकू." त्याने पाठवला. फरक कानाला स्पष्ट कळला, मी तसं कबूल केलं. तेव्हापासून तो मला काका म्हणतो आणि माझ्या प्रत्येक क्लिपमधला गंधार तपासतो.

घराण्यांवरून आणि हयात कलाकारांवरून मात्र वाद घालू नये. तिथे कोणाचंच मत बदलत नाही.

प्रत्यक्ष कधी आणि कुठे भेटावं?

पहिली भेट मैफलीत ठेवावी असं माझं मत आहे. डिसेंबरातला पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव यासाठी उत्तम. पं. भीमसेन जोशींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा उत्सव आता इतका मोठा आहे की कुठल्याही ग्रुपमधली पाच-दहा माणसं तिथे असतातच. ओळख होताना जे अवघडलेपण असतं ते गाणं चालू असताना उरत नाही, कारण बोलायचंच नसतं. तीन तास शेजारी भारतीय बैठकीत बसता, एकाच जागेला दोघांच्याही तोंडून "आहा" निघतं, आणि मध्यंतरात वडापाव खाताना तुम्ही परके राहिलेले नसता.

काही काम काढून भेटणं तर त्याहून चांगलं. ग्रुपमधल्या एका काकूंच्या तंबोऱ्याची जवारी (तारांखालच्या घोडीची घासून केलेली ठेवण, जिच्यामुळे तार गुंजते) गेली होती, म्हणून आम्ही चौघं त्यांच्याबरोबर मिरजेला गेलो. सतार-तंबोरे बनवणाऱ्यांची ती गल्ली, दारापुढे वाळत ठेवलेले भोपळे. कारागीर घोडीवर कानस एकदाच फिरवायचा, तार चढवायचा, खाली सुताचा धागा सरकवायचा, ऐकायचा, मान हलवायचा आणि पुन्हा तार उतरवायचा. दीड तास. आम्ही चौघं भिंतीला टेकून बसलो होतो. अखेर खर्जाची तार बोलली आणि आवाज खोलीभर उघडला, तेव्हा काकूंनी माझा हात घट्ट धरला होता. परतताना मीरासाहेब दर्ग्यात थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कबरीपाशी थांबलो.

आणि कोकणातून गणपतीचं बोलावणं आलं तर रजा काढा. बुवांकडे मी पहिल्यांदा २०२२मध्ये गेलो. दारात पाऊल ठेवलं तर म्हणाले, "येवा, बसा. आदी चाय घेवा, मगे पेटी." रात्री वाडीतल्या सात घरी भजन झालं. तिसऱ्या घरी त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली आणि स्वतः नुसते गायला लागले. पखवाजाची थाप थेट छातीत येत होती, मध्ये इंटरनेट नव्हतं. बारा वाजता काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव खाल्ला, पुढच्या घरी निघालो.

भेटायला जाताना स्त्रियांनी काय काळजी घ्यावी? मुलांना ग्रुपमध्ये घालावं का?

पहिली भेट चारचौघांत, मैफलीत किंवा देवळातल्या भजनाला. "माझ्या घरी एकटीच या, रियाज करू" असं पहिल्याच ओळखीत कोणी म्हणत असेल तर नाही म्हणा, आणि ग्रुप चालवणाऱ्याला कळवा. घरचा पत्ता, वेळापत्रक, मुलांच्या शाळेचं नाव सगळ्यांसमोर टाकू नका. अठराच्या आतल्या मुलांचा नंबर घालू नये, पालकांचा घालावा आणि कॉलवर पालक खोलीत असावेत. कोणी कितीही मोठा कलाकार असला तरी या नियमाला सूट नाही. हे मी फार आग्रहाने सांगतो.

ग्रुपमधल्या ओळखीवर वाद्य विकत घ्यावं का, पैसे उसने द्यावेत का?

वाद्य बघून, वाजवून घ्यावं. जमत नसेल तर त्या गावातल्या दुसऱ्या सदस्याला बघून यायला सांगावं. पेटीचा भाता पूर्ण भरून हात सोडायला लावा: पट्टी न दाबता तो झरझर खाली आला तर हवा कुठेतरी गळते आहे. आगाऊ पैसे पाठवून फसलेली माणसं मी पाहिली आहेत. उसन्याचं म्हणाल, तर जितके परत आले नाहीत तरी मनात कडवटपणा येणार नाही तितकेच द्यावेत.

गुरुजींना हे चालेल का?

विचारा. लपवू नका. बहुतेक गुरुजींना मित्रांबरोबर सराव केलेला आवडतो. शिकवणीचं रेकॉर्डिंग किंवा त्यांनी दिलेली बंदिश परवानगीशिवाय ग्रुपवर टाकलेली आवडत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. मैफलीत चोरून केलेलं रेकॉर्डिंगही नकोच.

मित्राने वाजवणंच सोडलं, तर मैत्री टिकते का?

ठाण्याच्या ज्या तबलजीचा वर उल्लेख केला, त्याच्या उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली आणि दहा महिने तबला बंद राहिला. तो ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडला. फोन घेईना. मी त्याला रोज संध्याकाळी एक लेहरा पाठवत राहिलो, तीनतालातला चंद्रकंस, एक मिनिटाचा, सोबत एक अक्षर नाही. साधारण पन्नासाव्या दिवशी उत्तर आलं. ध्वनिमुद्रणात माझा लेहरा होता आणि त्याच्यावर तोंडाने म्हटलेला कायदा (तबल्यातली एक ठरलेली रचना), धा धा तिट धा धा तूना. हाताने वाजवता येत नाही म्हणून तो बोल पढत होता. दुसऱ्या दिवशी मी लय थोडी वाढवून पाठवली.